फ्रीजवरचं नाव

"पुंजाभाऊ, वाळायला वेळ लागेल. कुणाला टेकू देऊ नका," मुनीर पेंटर म्हणाला आणि ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून उभा राहिला.

मी बारच्या दारात होतो. हातात कंपनीचं नाव छापलेल्या ग्लासांचं खोकं होतं, ते मला मागच्या मोरीत झाकून ठेवायचं होतं. फ्रीजकडे नजर गेली आणि खोकं तसंच हातात राहिलं.

तीन दारांचा मोठा फ्रीज. सकाळपर्यंत त्याच्या माथ्यावर बिअर कंपनीचं नाव होतं, लाल रंगात. आता तिथे हिरवा पट्टा होता आणि त्यावर मुनीरच्या वळणदार पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

कै. सौ. अनसूया पुंजाहरी लोखंडे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.

"मुनीरभाई, हे काय लिहिलंस?"

"का? आडनाव चुकलं?"

"अरे, अनसूया जिवंत आहे. मागे खोलीत बसलीय."

मुनीरने दोन्ही कानांना हात लावले. "तोबा तोबा. वकीलसाहेब फोनवर बोलले, पुंजाच्या बायकोचं नाव टाक, भेट दिली म्हणून. आता मी या गावची सगळी बाकडी रंगवली, पंखे रंगवले, पाण्याच्या टाक्या रंगवल्या. बाईचं नाव वस्तूवर कधी येतं, भाऊ? गेल्यावरच. मला वाटलं, वहिनी गेल्या आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मनात वाईट वाटत होतं लिहिताना."

"पूस ते."

"ओलं आहे. आता पुसलं तर खालचा लाल वर येईल. मग सगळीच पंचाईत."

लाल वर येऊन चालणार नव्हतं. त्या लालासाठीच मुनीरला बोलावलं होतं.

आमचा जिमखाना नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होता. नफा न कमावणारी संस्था म्हणून नोंदलेला. बॅडमिंटन, कॅरम, आणि संध्याकाळी सभासदांना दारू देण्याचा सरकारी परवाना. बार मी सांभाळायचो. मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे मी आणि अनसूया राहायचो. एक्साइजच्या नोकरनाम्यावर माझं नाव होतं. नोकरनामा म्हणजे परवान्याच्या जागी बाटलीला हात कुणी लावायचा, त्याची परवानगी. काही गडबड झाली की पहिल्यांदा त्या नावाचा माणूस उभा करतात.

नियम असा होता की अशा संस्थेने दारूच्या कंपनीकडून फुकट काही घ्यायचं नाही. ग्लास नाही, छत्री नाही, फ्रीज तर नाहीच. आज फ्रीज देतात, उद्या म्हणतात आमचीच बाटली ठेवा. आमच्याकडे तेच झालं होतं. फ्रीज आल्यापासून दुसऱ्या कुणाची बिअर आत आली नव्हती. गावातल्या कुणीतरी तक्रार केली. सोबत खिडकीतून काढलेला फोटो जोडला. फोटोत फ्रीज दिसत होता, माथ्यावरचं नाव दिसत नव्हतं. त्यामुळे फ्रीज हलवून उपयोग नव्हता. हलवायचं होतं ते नाव. एक्साइजचे दुय्यम निरीक्षक ठुबे साहेब दुपारी तपासणीला येणार, हे आम्हाला सकाळी कळलं.

पण नुसत्या फ्रीजसाठी एवढी धावपळ कुणी केली नसती. खरी गोष्ट शिबिराची होती. दरवर्षी जिमखाना हृदयरोगाचं शिबिर घ्यायचा. गरिबांची तपासणी व्हायची आणि ज्याला गरज असेल त्याचं ऑपरेशन पुण्याला मोफत. नाव जिमखान्याचं आणि पैसा कंपनीचा. हे कमिटीला माहीत होतं, आणि बारमागे उभं राहून ऐकणाऱ्या मला माहीत होतं. त्या वर्षी ऑपरेशन होणाऱ्यांत अनसूया होती. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती.

सकाळी ऑफिसात आम्ही तिघेच होतो. अध्यक्ष डॉक्टर धनवटे, सेक्रेटरी पाटणकर वकील आणि मी.

"फ्रीज कुणीतरी देणगी दिला म्हणायचा," वकील म्हणाले. "डॉक्टर, तुमच्या मातोश्रींच्या नावाने टाकू?"

"नको हो. माझं इन्कम टॅक्सचं आधीच चाललंय. तुमच्याच वडिलांच्या नावाने टाका की."

"मी वकील माणूस. उद्या खोटं निघालं तर सनद जाईल माझी."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"पुंजा, तुझं नाव चालणार नाही. तू नोकरनाम्यावर आहेस," वकील म्हणाले. "पण तुझ्या बायकोचं चालेल. तू फक्त जबाब द्यायचा."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. "जबरदस्ती नाही, पुंजाहरी. परवा मी पुण्याला फोन करणार आहे, अनसूयाची तारीख पक्की करायला. तोवर एवढं मिटलं म्हणजे झालं."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो.

आणि आता हे असं झालं होतं. पाटणकर वकील आत आले, त्यांनी पट्टा वाचला आणि मुनीरकडे असं पाहिलं की मुनीर डबे उचलून मागच्या दाराने निघूनच गेला. वकील थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग थांबले.

"राहू दे," ते म्हणाले. "उलट बरंच झालं."

"बरं कसं?"

"असं बघ. जिवंत बाईला ठुबे समोर बोलावेल. फ्रीज कुठून आणलास, कधी आणलास, विचारेल. ती गांगरेल. गेलेल्या बाईला काय विचारणार? तू म्हणायचं, बायको वारली, तिचे दागिने मोडले आणि तिच्या नावाने जिमखान्याला फ्रीज दिला. झालं."

"वकीलसाहेब, मला असं म्हणता येणार नाही."

"का रे?"

"ती मागे आहे."

"मग मागेच राहू दे. अरे, नुसता शब्द आहे. तिला कुठे काही होणार आहे? उलट शब्द नाही बोललास तर होईल." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. बोलून गेल्यावर त्यांनाही बरं वाटलं नसावं.

अनसूया रोज दुपारी वाटी घेऊन बारच्या मागच्या दाराशी यायची. तिला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, अंगावर सूज चढायची म्हणून. तहान फार लागायची. मग ती बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची. त्या दिवशी ती यायच्या आधीच मी वाटीभर बर्फ घेऊन खोलीत गेलो.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. वाटीकडे बघून म्हणाली, "अगं बाई. आज बर्फाला पाय फुटले वाटतं."

"साहेब येणार आहेत तपासणीला. तू बाहेर येऊ नको."

"का? मी काय बाटली आहे, लपवून ठेवायला?"

"ऐक जरा. तासभर इथेच बस."

तिने खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली. "घाम कशाला आलाय एवढा?"

"ऊन आहे."

"डॉक्टर परवा फोन करणार ना?"

"करणार आहेत."

"मग आज नीट वागा त्या साहेबांशी. हात जोडायला सांगितलं तर जोडा. उगाच ताठा नको." ती पाय चोळत होती. अंगठा दाबला की तिच्या घोट्यावर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. "ऑपरेशन झालं की पहिलं मी काय करणार, माहितीये? तांब्याभर पाणी पिणार. उभ्याने. तुम्ही म्हणाल बास, तरी पिणार."

फाटकात जीप वाजली. मी दार लोटून घेतलं.

ठुबे साहेब बारीक अंगाचे होते. बरोबर एक जवान, कागद घेतलेला. साहेब आधी सगळीकडे फिरून आले, बाटल्या पाहिल्या, मग फ्रीजसमोर खुर्ची ओढून बसले. पलीकडे डॉक्टर बसले होते, शेजारी वकील. मी उभा होतो. बारमध्ये ऑइल पेंटचा वास भरला होता.

"एकाच कंपनीची बिअर दिसते," साहेब म्हणाले.

"सभासदांची आवड," वकील म्हणाले.

"सगळ्यांची एकच आवड? आमच्या घरी दोन माणसांची भाजी एक होत नाही." साहेब हसले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. "नाव ताजं दिसतंय."

"वर्षश्राद्ध जवळ आलंय ना. म्हणून नवीन रंग दिला."

मी वकिलांकडे पाहिलं. वर्षश्राद्ध आमचं ठरलेलं नव्हतं. ते त्यांना तिथल्या तिथे सुचलं होतं.

"पुंजाहरी लोखंडे तुम्हीच?"

"हो साहेब."

"नोकरनाम्यावर तुमचंच नाव आहे. फ्रीज तुम्ही दिला?"

"हो साहेब."

"पत्नीच्या नावाने?"

"हो."

"कधी वारल्या?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होता. खोलीतून बारपर्यंत येताना मी तो मनात म्हणून पाहिला होता.

"गेल्या वर्षी," वकील म्हणाले.

"वकीलसाहेब, मी यांना विचारतोय. जबाब यांचा आहे."

"त्याला अजून बोलवत नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "मीच उपचार करत होतो तिच्यावर. फार जीव होता दोघांचा."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "समजतंय मला. लोखंडे, जास्त काही विचारत नाही. एवढंच सांगा. पत्नी वारल्या, असं लिहू?"

जवानाने पेन टेकवलं. मी घसा साफ केला. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं.

अनसूया आत आली. हातात रिकामी वाटी. दाराच्या चौकटीला धरून तिने आधी दम घेतला. मग तिला साहेब दिसले, आणि साहेबांच्या डोक्यावरचा हिरवा पट्टा दिसला. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. ती ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचायची. मी तिचे ओठ बघत होतो. तिच्या स्वतःच्या नावापाशी ते थांबले. मग पुढचं तिने वाचलं.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. मग वकिलांकडे. शेवटी माझ्याकडे. सगळं तिच्या लक्षात आलं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी काय करायला निघालो होतो तेही, आणि कशासाठी तेही.

"बाई, तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

अनसूयाने पदर डोक्यावर ओढला.

"मी यांची मेव्हणी," ती म्हणाली. "अनसाची धाकटी बहीण."

वकिलांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"ताई गेल्यापासून मीच भाकरतुकडा करते यांना. नाहीतर हे उपाशी राहतील, साहेब." तिने पदराने डोळे टिपले. खरंच पाणी होतं डोळ्यांत. "फार गुणाची होती. तोंडाने जरा फटकळ होती, पण मनात काही नसायचं तिच्या. यांना नका विचारू. यांच्या तोंडातून तो शब्द निघत नाही. मी सांगते, तुम्ही लिहा. वारली. गेल्या वर्षी वारली."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरोबर आहे, लोखंडे?"

मला बोलावंही लागणार नव्हतं. मान हलवायची होती, बस. अनसूया माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे केले होते तिने, घरात पाहुणे असले आणि मी काही चुकीचं बोलायला लागलो की करायची तसे.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"ही बहीण नाही. ही अनसूया आहे. माझी बायको. ही जिवंत आहे, साहेब."

"पुंजा!" वकील उठले.

"खाली बसा," साहेब म्हणाले.

पहिलं वाक्य निघाल्यावर मग बाकीचं अडलं नाही. फ्रीज कंपनीचा आहे, ग्लास मोरीत आहेत, दुसऱ्या कुणाची बिअर घ्यायची नाही असं ठरलेलं आहे, शिबिराचा पैसाही कंपनीच देते. साहेबांनी शिबिराचं विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने सांगितलं. जवान भराभर लिहीत होता. डॉक्टर मध्येच उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. थोड्या वेळाने त्यांची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

ठुबे साहेब उठले आणि स्वतःची खुर्ची अनसूयाकडे सरकवली. "बसा बाई. तुम्हाला दम लागलाय."

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या कागदात मी आत्ता कुठे जिवंत झाले. लगेच बसून कसं चालेल?"

ती वळली आणि भिंतीला हात लावत लावत खोलीकडे गेली.

मी खोलीत गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती खाटेवर होती, पाय विटेवर ठेवून. मी चहा केला. अर्धा कप तिला दिला. तो तिने बाजूला ठेवला.

"एवढी छान बहीण झाले होते मी," ती म्हणाली. "रडलेसुद्धा."

"हो."

"साहेबाला पटलं होतं."

"पटलं होतं."

"मग तुम्हाला काय झालं? नुसती मान हलवायची होती."

"नाही हलली."

"खरं बोलायची हौस कधीपासून आली? माझ्या आईला अजून माहीत नाही तुम्ही दारूच्या गुत्त्यावर आहात. पाटबंधारे खात्यात आहे म्हणून मागणी घातली होतीत."

"गुत्ता नाही, जिमखाना आहे."

"तेच ते." तिला हसू आलं, पण लगेच गेलं. "डॉक्टर आता फोन करायचे नाहीत. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"तेव्हा कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग?"

"खऱ्याखोट्याचं काही नव्हतं, अनसा. फ्रीज माझा म्हणालो असतो. मी चोरून आणला म्हणालो असतो. आत टाकलं असतं तरी चाललं असतं. पण तू वाटी घेऊन समोर उभी. तुझ्याकडे बघून वारली म्हणवेना."

"मी म्हणत होते ना माझी मी? मला काही झालं का?"

"तुझं वेगळं."

"माझं काय वेगळं? मरायचं मला, आणि वेगळं मलाच." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला वाटलं रडते आहे. मी जवळ गेलो. ती रडत नव्हती. भिंतीकडे बघतच म्हणाली, "आता खरंच म्हणायची वेळ येईल. लवकर येईल. तेव्हा कसं करणार आहात?"

मी तिचा कप उचलला. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करायला ठेवला.

जिमखान्याचा परवाना काही महिने बंद राहिला. कंपनीने हात काढून घेतला, शिबिर त्या वर्षी झालं नाही आणि नंतरही झालं नाही. मी डॉक्टरांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला आत घेतलं, बसवलं. "माझा तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण पुण्याला फोन करून मी काय सांगू? शिबिरच राहिलं नाही." ते खरंच होतं. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, तिथे तारीख मिळायची आणि पुढे जायची. जिमखान्याची नोकरी गेली तशी खोलीही गेली. तिचा भाऊ भागवत आम्हाला त्याच्या वस्तीवर घेऊन गेला. मी दूध डेअरीत कामाला लागलो.

गावात माझं नाव झालं होतं. कुठे चहाला थांबलो की लोक म्हणायचे, बायकोच्या ऑपरेशनवर पाणी सोडलं, पण खोटं बोलला नाही हा माणूस. पहिल्यांदा मी सांगायचा प्रयत्न केला की तसं नव्हतं. त्यांना ते पटायचं नाही. मग मी चहा संपवून निघून यायला लागलो.

पुढच्या वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या त्या सुमाराला तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी नर्सने आम्हाला आत बोलावलं आणि मग बाहेर थांबायला सांगितलं.

भागवत व्हरांड्यात माझ्या शेजारी उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दाजी, सगळ्यांना कळवायला पाहिजे."

मी खिशातून मोबाइल काढला. एकेक नंबर लावत गेलो. पलीकडून हॅलो आलं की फोन भागवतच्या हातात द्यायचो. तो सांगायचा. मी समोरच्या सायकली बघायचो. मग फोन परत घेऊन पुढचा नंबर लावायचो. तिच्या मावशा झाल्या, माझे चुलते झाले, डेअरीवाले झाले. शेवटी वस्तीवरचा राहिला. तिथे तिची आई होती.

भागवतने मान हलवली. "आईला माझ्याच्याने नाही होणार, दाजी. तुम्ही बोला."

मी नंबर लावला आणि फोन कानाला धरला.

"कोण?"

"मी, पुंजाहरी."

"अनसा कशी आहे?"

भागवत माझ्याकडे बघत होता.

"घेऊन येतोय तिला," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली. "आंघोळीला पाणी तापत ठेवते."